गंधकअप्पा

लग्न होऊन मी बेंबळीला बिऱ्हाड करायला आले, तेव्हा घरमालकांनी मला उंबऱ्यातच अडवून विचारलं, "मास्तरीणबाई, तुमच्या माहेराकडं काणी किती?"

माझं माहेर तुळजापूरचं, वडील कचेरीत कारकून. मी नवी नवरी, डोक्यावर पदर, काखेत गाठोडं. मला वाटलं, हे गृहस्थ आमच्या घरात एका डोळ्याच्या बायका किती आहेत ते विचारतायत. असला राग आला मला!

"आमच्यात कुणी काणं नाही," मी म्हटलं. "सगळ्यांना दोन्ही डोळ्यांनी नीट दिसतं."

"मानसाची न्हाई वो, जोंधळ्याची!" ते म्हणाले, आणि बंडीच्या खिशातून जोंधळ्याचं एक कणीस काढून त्यांनी माझ्यापुढं धरलं. कणसात दाण्यांच्या जागी राखट रंगाची लांबुळकी बोंडं होती. त्यातलं एक त्यांनी नखानं फोडलं. आतून काजळीसारखी काळी भुकटी निघाली आणि माझ्या नव्या लुगड्यावर सांडली. "ही बगा काणी. दाना व्हायच्या जागी ही व्हती. खाता येत न्हाई, इकता येत न्हाई, आन् खळ्यात फुटली की चांगल्या बियाला चिकटून पुढच्या साली परत येती. लई चिवट पावणी."

मागं बैलगाडीतून ट्रंक उतरवत असलेले आमचे मास्तर, म्हणजे हे, हसू दाबत होते. त्यांना अप्पांची सवय झालेली होती. मला व्हायला दोन-तीन महिने लागले.

सगळा गाव त्यांना गंधकअप्पा म्हणायचा. लिंगायत वाणी, पन्नाशी उलटलेली, बांबूसारखे उंच आणि वरच्या टोकाला थोडे वाकलेले. पटका मूळचा पांढरा असावा. घराच्या पुढच्या अंगाला दुकान होतं. मीठ, मिरची, गूळ, रॉकेल, सगळं मिळायचं, पण मिरची मागायला आलेल्या माणसाला अप्पा उठून मिरची देत नसत. ती त्यानं आपली आपण घ्यायची. गंधक मागायला कुणी आला, की मात्र अप्पा ताडकन उभे, आणि पहिला प्रश्न, "कशाला पायजे?" दुसरा, "रान कुठलं?" तिसरा, "बी घरचं का बाजारचं?" बिचारा माणूस खरजेला लावायला चिमूटभर गंधक न्यायला आलेला असायचा.

दुकानामागच्या खोलीत गंधकाची पोती. त्याला लागून आमच्या दोन खोल्या. काडी ओढल्यावर येतो तसला वास चोवीस तास घरात. आमच्या साखरेला तो वास, पोह्यांना तो वास, यांच्या शाळेच्या टोपीला तो वास. माझा चांदीचा कुंकवाचा करंडा पहिल्या महिन्यातच तव्यासारखा काळा पडला. मी हबकले. म्हटलं, माहेरच्यांनी फसवलं, चांदी खोटी दिली. रडत अक्कांकडं गेले.

अक्का म्हणजे अप्पांच्या मंडळी. आळंदकडच्या, त्यामुळं बोलताना मधूनच कानडी निसटायची. त्यांनी आपली पावलं पुढं केली. पायातली जोडवी काळीकुट्ट. मग गळ्यातली लिंगाची चांदीची डबी दाखवली. ती पण काळी.

"चांदी खरी हाय पोरी," त्या म्हणाल्या. "ह्यांचा गंधक बी खरा हाय. खऱ्याशी खरं भेटलं की असं व्हतं. रांगोळीनं घास. दर सोमवारी घासायचं. मी अठरा वर्सं घासतीया."

हे गंधकाचं वेड अप्पांना कुठून लागलं, ते त्यांनीच सांगितलं. सरकारच्या शेतकी खात्यातला कुणी एक माणूस दौऱ्यावर निघाला होता. त्याची गाडी बेंबळीच्या ओढ्याला अडकली आणि पाणी ओसरेपर्यंत तो अप्पांच्या दुकानात बसून राहिला. बसल्या बसल्या करायचं काय, म्हणून त्यानं काणीची गोष्ट सांगितली. पेरायच्या आधी बियाला गंधकाची बारीक भुकटी चोळली की काणी येत नाही, एवढीच गोष्ट. जाताना एक पुडी देऊन गेला. तो माणूस पुन्हा कधी आला नाही. पण अप्पांनी ती पुडी आपल्या रानात वापरली, सुगीला स्वच्छ कणसं पाहिली, आणि त्या दिवसापासून ते कामातून गेले. हे शब्द अक्कांचे.

"रोग दिसला की उशीर झाला," हे त्यांचं पेटंट वाक्य. लग्नात, बारशात, मयतीलाही ते म्हणायचे. लग्नात तर अक्षता हातात घेऊन उलटसुलट करून बघत बसायचे आणि भटजी 'सावधान' म्हणाले तरी टाकायचे राहून जायचे.

पण खरा वेडेपणा पुढंच आहे. धाराशिवच्या रस्त्याला लागून अप्पांचं सोन्यासारखं रान होतं. काळी कसदार माती, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल. त्या रानाचा ऐन रस्त्याकडेचा तुकडा ते दरवर्षी मुद्दाम बिघडवत. म्हणजे गंधक न लावलेलं बी घ्यायचं, त्याला वर आणखी काणीची काळी भुकटी चोळायची, आणि चार-सहा तासं, म्हणजे ओळी, त्याची पेरायची. शेजारी गंधक लावलेल्या बियाची तासं. सुगी आली की अप्पा बांधावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या थांबवत. "उतरा. जरा बघून जावा. ही कणसं बगा आन् ती कणसं बगा."

"स्वताच्या रानात रोग पेरणारा नवरा कुणाला मिळालाय का ग?" अक्का मला विचारायच्या. "माझ्या बापानं बाकी सगळी चौकशी केली हुती. ही करायची राहिली."

गाडीवाले उतरत, बघत, हो हो म्हणत आणि पुढं जात. गंधक कुणी नेत नसे. अप्पांच्या बांधाला बांध असलेले एक तात्या होते, अप्पांहून वयानं लहान, पण चांगले तालेवार शेतकरी. ते तर चारचौघात टिंगल करायचे. "अप्पा, बियाला भंडारा लावताय, आता खंडोबाची दिवटी-बुधली बी घ्या हातात आन् नाचा रानात." हे मी यायच्या आधीपासून चाललेलं. अप्पा कधी चिडत नसत. म्हणायचे, "हसू द्या. हसायला तरी थांबतोय न्हवं बांधावर?"

मी आले त्याच्या दुसऱ्या सुगीला तात्यांच्या खळ्यात काणीचा कहर झाला. मळणीला बैल फिरत होते, ते गुडघ्यापर्यंत काळे. हवेत काळा धुरळा. त्या जोंधळ्याची भाकरी राखेच्या रंगाची व्हायला लागली, तेव्हा तात्यांच्या म्हाताऱ्या आईनं ती परातीसकट अंगणात भिरकावली म्हणे.

मग पेरणीच्या आधी, भर दुपारी, बाजार सामसूम असताना तात्या घोंगडं पांघरून दुकानात आले. मी ओट्यावर डाळ निवडत बसले होते, म्हणून मला सगळं दिसलं. तात्यांनी इकडंतिकडं बघून हळूच सांगितलं, "अप्पा, गंधक पायजे हुतं थोडं. खरजेला."

"देतो की. किती?"

"पायलीभर."

अप्पांनी त्यांच्याकडं बघितलं. "पायलीभर? घरात हत्ती पाळलाय का काय?"

तात्या मानेपर्यंत लाल झालेले. मला वाटलं, आता अप्पा इतक्या वर्षांचं उट्टं काढणार. पण त्यांनी काही विचारलं नाही. उठले, पायलीभर गंधक मोजून पिशवीत घातला, आणि पिशवीचं तोंड बांधता बांधता अगदी गंभीरपणं म्हणाले, "खरजेला लावताना मडक्यात घालायचं. वर बी... न्हाई, वर खरूज घालायची. मडक्याच्या तोंडाला फडकं बांधून चांगलं गडगडा हलवायचं. सगळ्या खरजेला सारखं लागलं पायजे."

"व्हय," तात्या म्हणाले, आणि घोंगड्याखाली पिशवी घेऊन गेले.

पुढच्या सुगीला तात्यांचं रान धुतल्यासारखं. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण त्याच्या पुढच्या पेरणीला अख्ख्या बेंबळीला खरूज झाली. आजूबाजूच्या खेड्यांनाही झाली. दुपारी दुकानात घोंगडी पांघरलेल्या माणसांची रांग लागायची आणि अप्पा प्रत्येकाला तेवढ्याच गंभीरपणं खरजेचा उपाय सांगायचे. रात्री जेवताना मात्र एकटेच खदाखदा हसायचे. अक्का म्हणायच्या, "सुम्ने ऊटा माडी," म्हणजे गप जेवा, आणि स्वतःही हसायच्या.

मग ते अठ्ठेचाळीस साल आलं.

आमचा भाग निजामाच्या राज्यात आणि बार्शी-सोलापूर पलीकडं, नव्या हिंदुस्थानात. मधे नाके. त्या वर्षी सरहद्दीवर इतकी धामधूम होती की माणसं सोयरिकीलाही पलीकडं जायला धजत नव्हती. गंधक यायचा सोलापूरहून. अप्पांनी हवा ओळखली होती. नाके बंद व्हायच्या आधीच, उन्हाळ्यात, त्यांनी होता नव्हता तेवढा गंधक आणून ठेवला. मागची खोली भरली. मग ते आमच्याकडं आले आणि यांना म्हणाले, "मास्तर, तुमाला टेबल न्हाई न्हवं?"

आम्हाला टेबल मिळालं. एकावर एक चार पोती, वर फळी, फळीवर मी भरलेला टेबलक्लॉथ. त्यावर हे पोरांच्या वह्या तपासायचे. मला तर ते फार आवडलं होतं.

पोळा झाला, पाऊस उघडला, रब्बीच्या पेरणीला वाफसा येणार अशी हवा पडली, आणि एका सकाळी ठाण्याचे अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, चार शिपाई घेऊन दारात. कुणीतरी चुगली केली होती की गंधकअप्पाच्या घरात बारूदीचा माल आहे. आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. गंधकापासून बारूद होते हे दिवाळीत फटाके उडवणाऱ्या पोरालाही माहीत असतं. त्या दिवसांत बारूद म्हटलं की फाशीचीच आठवण यायची.

मागची खोली उघडली. पोत्यांची थप्पी बघून अमीनसाहेबांचा चेहरा पालटला. अंगानं भारी, मेंदी लावलेली दाढी, स्वभावानं तसा बरा माणूस. पण भ्यायलेला.

"क्या जी अप्पा, मिर्ची बेचते कि बारूद?"

"गंधक हाय साहेब. जोंधळ्याच्या बियाला लावायचं."

"इत्ता?"

"रानं बी इत्ती हायत."

शिपाई आमच्या खोलीत शिरले. एकानं टेबलक्लॉथ उचलला. यांच्या तोंडचं पाणीच पळालं. सरकारी मास्तर, आणि पोरांच्या वह्यांखाली चार पोती बारूद! मी भिंतीला टेकून उभी होते. हे काहीतरी बोलायला गेले, तेवढ्यात अप्पा पुढं झाले. "मास्तरांचा काय संबंध न्हाई. खोली माझी, माल माझा. ते भाडेकरू. म्या ठेवतो म्हनलो, ते न्हाई म्हनाले न्हाईत, येवढाच त्यांचा गुन्हा."

"साबित कैसा होता कि ये दवा है?" अमीनसाहेबांनी विचारलं.

अप्पांनी पोत्यात हात घातला, मूठभर गंधक काढला आणि सगळ्यांच्या देखत तोंडात टाकला. वरून तांब्याभर पाणी प्यायले. ओठ, मिशा, हनुवटी पिवळी. "बारूद कोन खातंय का साहेब?"

अमीनसाहेब एक पाऊल मागं सरले. मग म्हणाले, "तुम खाएंगे. तुम्हारा भरोसा नहीं."

अप्पांना ठाण्यावर नेलं. पोती पण नेली. मूठभर गंधक पोटात गेल्यावर काय होतं ते आमच्याकडच्या कुठल्याही वैद्याला विचारा. दुपारपासून अप्पांना कोठडीतून पुन्हा पुन्हा ओढ्याकडं न्यावं लागलं. दर वेळी बरोबर बंदूकवाला शिपाई. संध्याकाळपर्यंत तो शिपाईच इतका दमला की त्यानं बंदूक ठाण्यातच ठेवली आणि हातात तांब्या घेतला.

हे सगळं आता हसून सांगते. तेव्हा घरात चूल पेटली नाही. अक्का माजघरात बसून होत्या. आणि दोनच दिवसांत वाफसा आला. वाफसा म्हणजे जमीन पेरणीला तयार, ना चिखल ना कोरडी. तो कुणासाठी थांबत नाही. तेव्हा पेरलं तर पेरलं.

सकाळी ठाण्यापुढं माणसं जमायला लागली. आधी बेंबळीची, मग आसपासच्या खेड्यांची. कुणी घोषणा नाही, आरडाओरडा नाही, नुसती उभी. त्या दिवसांत एवढी माणसं ठाण्यापुढं उभी राहणं म्हणजे काय, ते सांगायला नको. शिपायांनी बंदुका उचलल्या. हे धावत घरी आले. "अक्का, तिकडं काहीतरी वाईट होणार. गोळी सुटेल."

अक्का उठल्या. घरात पेरणीचं बी काढून ठेवलं होतं, ते त्यांनी टोपल्यात भरलं. एक टोपलं माझ्या डोक्यावर, एक स्वतःच्या. "चल पोरी."

ठाण्यापुढं सगळ्यात पुढं तात्या होते. तेच, घोंगडंवाले. आज अंगावर घोंगडं नव्हतं. अमीनसाहेब पायरीवर उभे होते, घामानं डवरलेले.

"क्या चाहिए तुम लोगों को?"

"गंधक," तात्या म्हणाले.

"किस लिए?"

मला वाटलं, तात्या आता खरूज म्हणणार. पण सगळ्या गावासमोर, छाती पुढं काढून, ते म्हणाले, "बियाला लावायला. म्या तीन सालं लावतुया. त्याबिगर म्या पेरनार न्हाई."

"आमी बी न्हाई," मागून कुणीतरी म्हणालं. मग आणखी कुणीतरी. ठाण्याच्या कोठडीला रस्त्याकडं एक गजाची खिडकी होती. मी वर बघितलं तर तिथं अप्पा. दोन्ही हातांनी गज धरलेले, तोंड उघडं. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते शेवटी ऐकू आलं, ते कोठडीत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मिशीवरचा पिवळा गंधक ओला होऊन ओघळत होता.

"माल जप्त है," अमीनसाहेब ओरडले. "एक दाना भी ठाने के बाहर नहीं जाएगा! मेरी नौकरी जाएगी!"

तेव्हा अक्का पुढं झाल्या. आयुष्यात ठाण्याची पायरी न चढलेली बाई. डोक्यावरचं टोपलं तिनं अमीनसाहेबांच्या पायाशी ठेवलं.

"साहेब, माल भाईर जायला नको, व्हय ना? नगं जाऊ द्या. बी आत येऊ द्या. तुमच्या अंगनात, तुमच्या डोळ्याम्होरं चोळतो आन् घेऊन जातो. बियाला लागलेला गंधक खरवडून कुनी बारूद करनार हाय का?"

अमीनसाहेबांनी टोपल्यातलं बी हातात घेतलं, बघितलं. माझ्या शेजारी उभ्या शिपायानं बंदुकीच्या घोड्यावरून बोट काढलेलं मला दिसलं. मग अमीनसाहेबांनी मागं वळून कोठडीकडं बघितलं आणि विचारलं, "क्यों अप्पा, चलता क्या ऐसा?"

"चलता नाही साहेब, पळता!" अप्पा खिडकीतून ओरडले.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या अंगणात जे चाललं, तसं कुठल्या ठाण्यात चाललं नसेल. गावातून मडकी आली. मडक्यात बी, त्यावर गंधक, तोंडाला फडकं, आणि मडकी गडगडवायची. अप्पा कोठडीच्या दारात उभे राहून हुकूम सोडत होते. "जोरात! अजून जोरात! शिपाईमामा, बाळ जोजवताय काय?" शिपाई बंदुका भिंतीला टेकवून मडकी हलवत होते. सगळे शिंकत होते. अमीनसाहेब नाकाला रुमाल लावून खुर्चीत बसले होते, आणि त्यांची मेंदीची दाढी वरून हळद लागल्यासारखी दिसत होती. बायका पदरानं तोंड झाकून हसत होत्या. शेवटचं पोतं झटकून रिकामं झालं, तेव्हा जप्त केलेला माल ठाण्यातच संपला होता आणि अप्पांना ठेवायला कारण उरलं नव्हतं.

अक्कांनी ते घरी आल्यावर एवढंच विचारलं, "पोट कसं हाय?"

पेरण्या आटोपतात न आटोपतात तोच राज्य बदललं. नाके उठले, रस्ते मोकळे झाले, आणि मोकळ्या रस्त्यानं नव्या पावडरी आल्या. पहिल्यांदा हिवतापवाले आले आणि त्यांनी घरांच्या भिंतींवर फवारा मारला. डास गेले ते गेलेच, पण ढेकूणही मेले. अक्कांनी त्या फवाऱ्याला नमस्कार केला. मग तसल्याच पावडरी पिकांसाठी डब्यांतून आल्या. अप्पांनीही ठेवल्या. लष्करी अळीनं एका रानाची चाळण केली होती, तिथं त्यांनी स्वतः जाऊन पावडर मारली आणि सकाळी मेलेल्या अळ्यांचा खच बघून ते लहान पोरासारखे नाचले.

आता कुणी घोंगडं पांघरून येईना. उजळ माथ्यानं यायचे आणि दुकानाच्या बाहेरूनच ओरडायचे, "अप्पा, दोन डबे!" दुसरा कुणी असता तर त्यानं माडी बांधली असती. अप्पांचे प्रश्न मात्र चालूच. "कशाला पायजे? कीड बघितली का? कसली हाय? पानाच्या वर हाय का खाली?" माणसं वैतागायची. बाजारात आणखी दोन दुकानं निघाली, तिथं कुणी काही विचारत नसे.

एकोणपन्नासच्या हिवाळ्यात तात्या आले. करडईवर मावा पडलाय, डबा द्या. अप्पा दुकान उघडं टाकून त्यांच्याबरोबर रानात गेले, दिवसभर करडईत उकिडवे बसले, आणि आले ते खुशीत. "मास्तरीणबाई, माव्याला खानारं आलंय! लाल पाठीचं, काळे ठिपके, येवढुसं. लई भूक त्याला. तात्याला सांगितलंय, येळवशीपत्तूर थांब. पावडर मारलीस तर मावा मरंल, आन् हे बी मरंल. मग पुढच्या माव्याला कोन खाईल, तू?"

"तात्या थांबतील?" मी विचारलं.

"व्हय म्हनालाय."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्याकडं त्या दिवशी गाव ओस पडतं. सगळे रानात जातात, कडब्याची कोप, म्हणजे खोपट, करून पूजा करतात आणि तिथंच जेवतात. यांची बदली लातूरकडं झाली होती, ती आमची बेंबळीतली शेवटची येळवस. तात्यांनी आम्हाला आणि अप्पा-अक्कांना आपल्या रानात बोलावलं.

आम्ही बांधावर पोचलो आणि अप्पा थांबले. करडईच्या पानांवर पांढरी भुकटी होती. चुन्याची बोटं पुसावी तशी सगळ्या रानभर. अप्पा वाकले, एक पान उलटून बघितलं. खालच्या मातीतून त्यांनी काहीतरी चिमटीत उचललं आणि तळहातावर ठेवलं. लाल पाठीचे दोन-तीन किडे, पाय वर करून पडलेले.

तात्या कोपीतून लगबगीनं आले आणि तो तळहात बघून जागच्या जागी थबकले.

"अप्पा, आइतवारच्या बाजारात शेजाऱ्यानं डबा आनला," ते खाली बघत म्हणाले. "त्यानं मारली. रातभर डोळ्याला डोळा न्हाई लागला बगा. म्हनलं, त्याची करडई ऱ्हायली आन् माझी गेली तर? मग म्या बी आनली. तुमच्या दुकानात यायची लाज वाटली."

अप्पांनी ते किडे अलगद मातीत ठेवले. कोपीपाशी गेले, हात धुतले, बसले. तात्यांच्या बायकोनं पत्रावळी मांडल्या, भज्जी, म्हणजे शेंगा-दाण्यांची येळवशीची मिसळ भाजी, वाढली, आंबिलीचं गाडगं पुढं ठेवलं. भज्जीतला हिरवा हरभरा बघून अप्पांनी हात आखडला. "हरभरा कुठला, ह्या रानातला?"

"न्हाई वो, परड्यातला हाय," ती घाईनं म्हणाली. "आमी इथलं घेतलं न्हाई. मलाच नगं वाटलं."

"चांगलं केलंस."

मग ते जेवायला लागले. भुकेल्या माणसासारखे जेवले, आंबील दोनदा मागून घेतली. तात्या पत्रावळीवरचा घास नुसताच इकडून तिकडं करत होते. मी अप्पांकडं चोरून बघत होते. इतक्या वर्षांच्या सोबतीत मी त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं, आज तरी रागावतील, बोलतील, असं वाटत होतं. शेवटी अक्कांनाच राहवलं नाही.

"काय तरी बोला की! थांबतो म्हनला हुता, थांबला का?"

अप्पांनी बोटं चाटली आणि तात्यांच्या पाठीवर थाप मारली.

"थांबला की! बाजारापत्तूर थांबला. पुढल्या साली येळवशीपत्तूर थांबंल. वाढ ग सूनबाई, अजून थोडी भज्जी वाढ."